लहान हौशी बोटीची बॅटरी : बदलताना करायची निवड

पाच-सात मीटरपर्यंतच्या हौशी बोटीत १२ व्होल्टची बॅटरी दोन अगदी वेगळी कामे करते. एक, आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या) इंजिनाला सेल्फ मारणे. दुसरे, दिवे, तळातले पाणी उपसणारा पंप, व्हीएचएफ रेडिओ, साउंडर (पाण्याची खोली दाखवणारे यंत्र) किंवा विजेची ट्रोलिंग मोटर (बोट सावकाश चालवणारी छोटी मोटर) यांना तासन्‌तास वीज देणे. जुनी बॅटरी बसली की तिच्यावरचा आकडा दुकानात सांगून तशीच दुसरी आणण्याची पद्धत सर्रास आहे. त्यात जुनी बॅटरी मुळात त्या कामाची होती का आणि ती कशामुळे गेली, हे दोन्ही प्रश्न तसेच राहतात. ठाण्याच्या खाडीत, ऐरोली-वाशी-बेलापूरच्या काठाने किंवा घोडबंदरच्या बाजूला बोट ठेवणाऱ्यांसाठी आणखी तीन गोष्टी जमेस धराव्या लागतात : खारी दमट हवा, वर्षभराची उष्णता आणि पावसाळ्याचे तीन-चार महिने ओढून ठेवलेली बोट. हौशी बोटीची बॅटरी वापरून झिजण्याआधी बहुधा पडून राहूनच मरते. म्हणून निवडीची सुरुवात दुकानात नाही, जुन्या बॅटरीपासून करावी.

जुनी खरोखर गेली आहे का?
आधी टर्मिनल आणि लग (केबलच्या टोकाची धातूची पकड) तपासावेत. लगवर पांढरा-हिरवा क्षार चढला असेल किंवा तांब्याची तार आवरणाच्या आत काळी पडली असेल, तर नवी बॅटरीही सेल्फला तोच ‘टक्‌’ आवाज देईल. लग घासून, आवळून पुन्हा पाहावे. मग बॅटरी पूर्ण चार्ज करून किमान सहा तास, शक्यतो रात्रभर, सुटी ठेवावी आणि मल्टिमीटर लावावा. शिसे-आम्ल बॅटरीत १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी आणि ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीवरचा आकडा फसवा असतो, तो धरू नये. बुचे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल मोजावेत. एका सेलचे विशिष्ट गुरुत्व बाकीच्यांपेक्षा ०.०५० हून कमी भरले तर तो सेल गेला. लोड टेस्टमध्ये बॅटरीच्या सीसीए आकड्याच्या (कडक थंडीत ती सेल्फला देऊ शकते तो प्रवाह) निम्मा प्रवाह १५ सेकंद काढला जातो. तेवढ्यात व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी बदलायची.

एवढ्यावर थांबू नये. इंजिन चालू करून वेग चढवावा आणि बॅटरीच्या टर्मिनलवरच व्होल्टेज पाहावे, १३.८ ते १४.७ च्या दरम्यान हवे. १३ च्या खाली राहिले तर चार्जिंग कॉइल, रेक्टिफायर किंवा वायरिंगमध्ये दोष आहे आणि नवी बॅटरीही वर्षभरात उपाशी मरेल. काही जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डना रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) असतो, पण रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) नसतो. त्यांचे व्होल्टेज वरच्या वेगाला १५ च्या पुढे जाते. अशा इंजिनावर सीलबंद बॅटरी घेऊ नये. पाणी उडून गेले तरी भरता येत नाही. तिथे बुचांची साधी बॅटरीच योग्य.

दोन कामे, दोन घडणी
सेल्फ मारण्याच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात. त्या क्षणभर शेकडो अँपिअर देतात, पण वारंवार निम्म्याखाली उतरवल्या की लवकर झडतात. डीप सायकल बॅटरीच्या प्लेटा जाड असतात. त्या संथपणे देतात आणि खोल उतरणे सोसतात. गाडीची बॅटरी पहिल्या जातीची असते. इंजिन दोरीने ओढून सुरू होत असेल आणि बॅटरी फक्त दिवे-पंपासाठी असेल, तर गाडीची बॅटरी घेणे म्हणजे पैसे चुकीच्या गुणासाठी मोजणे.

सेल्फसाठी किती मोठी घ्यायची, ते इंजिनाच्या पुस्तिकेत सीसीए किंवा एमसीए या आकड्यात दिलेले असते. सीसीए उणे १८ अंश सेल्सिअसला मोजतात, एमसीए शून्याला. एकाच बॅटरीचा एमसीए आकडा त्यामुळे साधारण सव्वापट दिसतो. ठाण्यात असली थंडी कधीच पडत नाही, तेव्हा पुस्तिकेतला आकडा गाठला की पुरे. त्याहून मोठ्या सीसीएसाठी जास्त पैसे घालू नयेत. तेच पैसे क्षमतेत घालावेत.

क्षमतेचा हिशेब कागदावर करावा. उदाहरणार्थ, संध्याकाळची सहल : एलईडी दिवे ०.५ अँपिअर, चार तास, साउंडर ०.८, सहा तास. व्हीएचएफ ऐकत ठेवून ०.५, सहा तास, शिवाय बोलण्यासाठी एक अँपिअर-तास, उपसापंप २.५, अर्धा तास. फोनचे चार्जिंग १.५, तीन तास. बेरीज सुमारे १७ अँपिअर-तास. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही म्हणून दुप्पट, ३४. म्हातारपणाची घट धरून वर पाव, म्हणजे साधारण ४३. बाजारात ४५ किंवा ५० ची मिळते, ती घ्यावी.

ट्रोलिंग मोटरचा हिशेब असा सरळ नसतो आणि खाडीत माणसे इथेच अडकतात. ५५ पौंड जोराची १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगाला सुमारे ५० अँपिअर खाते. बॅटरीवरचे ‘१०० अँपिअर-तास’ मात्र २० तासांत सावकाश, म्हणजे ५ अँपिअरने उतरवून मोजलेले असतात. प्रवाह जितका जोरात काढाल तितकी क्षमता आकसते. ५० अँपिअरला तीच बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत साधारण ५५ अँपिअर-तासच देते. निम्म्यावर थांबायचे म्हटले तर हाती येतो अर्धा तास. उपवनसारख्या तलावात ते चालून जाईल. खाडीत उधाणाच्या सुकतीला (ओहोटीला) ओढ जोरात असते, आणि बॅटरी संपून बोट चिखलात बसली तर पुढच्या भरतीपर्यंत कित्येक तास तिथेच काढावे लागतात. म्हणून खाडीत मोटरसाठी वेगळी बॅटरी ठेवावी, वेग मधलाच ठेवावा आणि वल्ही सोबत असावीतच.

बाजारात काय मिळते
‘मरीन’ असे छापलेली बॅटरी साध्या दुकानात क्वचितच दिसते. तुर्भे-कळंबोलीच्या ट्रकपट्ट्यात किंवा ठाण्यातल्या ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानांत गाडी, इन्व्हर्टर आणि ई-रिक्षा या तीन जातींच्या बॅटऱ्या मिळतात. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी खोल उतरणे उत्तम सोसते, पण १५० अँपिअर-तासांची बॅटरी ५० किलोच्या पुढे जाते, उंच असते आणि बोट हेलकावली की आम्ल बुचांतून सांडते. सेल्फला लागणारा झटकाही ती नीट देत नाही. ई-रिक्षाची बॅटरी रोज उतरवून रोज भरण्यासाठीच बनवलेली असते. ट्रोलिंग मोटरसाठी कमी खर्चाचा तो चांगला पर्याय आहे, मात्र तिला वरचेवर डिस्टिल्ड वॉटर लागते. सीलबंद एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून धरलेली बॅटरी) महाग पडते, पण सांडत नाही, हादरे सोसते आणि पडून राहिली तर सावकाश उतरते. हौशी बोटीसाठी, इंजिनाला रेग्युलेटर असेल तर, आधी हिचाच विचार करावा.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी निम्म्याहून हलकी असते, क्षमतेचे ८० टक्के देते आणि जोराच्या प्रवाहालाही फारशी आकसत नाही. वरच्याच मोटरला १०० ची लिथियम सुमारे दीड तास चालवते. आतली बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारे, गरज पडली की तिला तोडणारे सर्किट) १०० अँपिअर सतत सोसणारी आहे का, ते पाहून घ्यावे. आउटबोर्डच्या सेल्फवर मात्र तिला सरळ जोडू नये. इंजिन चालू असताना बीएमएसने बॅटरी तोडली तर चार्जिंगच्या बाजूला व्होल्टेज उसळते आणि रेक्टिफायर जळतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर (इंजिनाकडून वीज घेऊन लिथियमला योग्य व्होल्टेजने भरणारा) हवा, किंवा ती घरीच लिथियमच्या चार्जरवर भरावी. मे महिन्यात बंद झाकणाखालचा कप्पा फार तापतो. चार्जिंगसाठीची कमाल तापमानाची मर्यादा बहुधा ४५ ते ५५ अंश असते, तेव्हा तिची जागा सावलीत आणि हवेशीर असावी.

दुकानात निर्मितीचा महिना-वर्ष वाचावा, सहा महिन्यांहून जुना माल परत ठेवावा आणि तिथल्या तिथे मीटर लावून १२.५ च्या खालची शिसे-आम्ल बॅटरी नाकारावी. बोटीतल्या वापराला वॉरंटी लागू होते का, ते बिल करण्याआधी विचारावे. टर्मिनलचे खांब दोन मापांचे येतात : जाड (माथ्याशी धन १७.५ मिमी, ऋण १५.९) आणि बारीक (१४.७ आणि १३). बारीक खांबावर जाड मापाचा लग पत्रा घालून आवळण्याची सवय आहे. लाटेच्या हादऱ्यांनी तो सुटतो. धन-ऋण कोणत्या बाजूला आहेत तेही जुन्या बॅटरीच्या फोटोशी ताडून पाहावे, नाहीतर केबल पोचत नाही.

बसवणे
बॅटरी आम्लरोधक खोक्यात, पट्ट्याने बांधून, २५ मिमीहून जास्त हलणार नाही अशी हवी. खोके वरून हवेशीर असावे : चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगी पुरते. खोके तळच्या पाण्यापासून उंच ठेवावे. खारे पाणी आम्लात मिसळले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. फ्यूज धन टर्मिनलपासून साधारण १८ सेंटिमीटरच्या आत असावा. ५० अँपिअरच्या मोटरला ६० चा ब्रेकर आणि तीन मीटर अंतरापर्यंत १६ चौरस मिमीची, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची केबल लागते. काढताना आधी ऋण, जोडताना शेवटी ऋण. जुनी आणि नवी बॅटरी समांतर जोडू नये. जुनी नवीला उतरवत राहते.

पावसाळा
जूनमध्ये बोट ओढली की बॅटरी घरी आणावी. उष्ण हवेत ती आपोआप उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात, ते पुढे चार्ज करूनही विरघळत नाहीत. पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्यातून एकदा मीटर लावावा, १२.४ च्या खाली गेली की पुन्हा भरावी. भरताना साध्या बॅटरीला २५ अंशांवर १४.४ व्होल्ट लागतात, ३५ अंशांवर १४.२ पुरतात, तापमान पाहणारा चार्जर हे स्वतः करतो. पाणी भरायचे ते चार्जिंगनंतर, खुणेपर्यंतच. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतके आधी घालावे. लिथियमचे उलटे आहे : ती निम्मी भरून, सगळ्या तारा सोडवून ठेवावी.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊन आम्ल गटारात ओतू देऊ नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ती परत गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना दुकानदार जुनी वजनावर ठेवून घेतात आणि बिलातून तेवढी रक्कम वजा करतात.