इंग्रजी स्पेलिंग : अवघड शब्दांचा अभ्यास

इंग्रजी शब्दातील अक्षरांचा ठरलेला क्रम म्हणजे त्या शब्दाचे स्पेलिंग. उच्चार ऐकून हा क्रम सहजी लावता येत नसेल, तर तो शब्द अवघड स्पेलिंगचा मानला जातो. इंग्रजीत ध्वनी सुमारे ४४ आणि अक्षरे २६ असल्याने एकाच अक्षराला अनेक ध्वनींची कामे करावी लागतात : 'सी' हे अक्षर 'कॅट'मध्ये 'क', 'सिटी'मध्ये 'स' आणि 'ओशन'मध्ये 'श' होते. ही अडचण जगात सगळ्याच शिकणाऱ्यांना येते. मराठी विद्यार्थ्यांच्या चुकांना मात्र याशिवाय स्वतःची अशी वळणे आहेत आणि ती ओळखता आली, तर पाठांतराचा बराचसा भार कमी होतो. ठाणे व नवी मुंबई परिसरातील शाळा, वसाहती आणि अभ्यासिका यांच्या संदर्भाने या विषयाची मांडणी येथे केली आहे.

महाराष्ट्रात जून २००० पासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्यापूर्वी मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजीची ओळख पाचवीत होत असे. १९७० साली नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या महामंडळाची स्थापना झाल्यानंतर वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, घणसोली या भागांत जी वस्ती वाढली, तिच्यात सातारा-सांगलीकडून आलेली माथाडी कामगारांची कुटुंबे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांतले कामगार आणि मूळचे आगरी-कोळी ग्रामस्थ मोठ्या संख्येने होते. यांतील कित्येक घरांत इंग्रजी लिहिणारी पहिली पिढी म्हणजे शाळेत जाणारी मुलेच. साहजिकच स्पेलिंग शिकण्याची मुख्य जागा वर्ग आणि शिकवणी हीच राहिली.

वर्गातली सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे एका सुरात म्हणणे : 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.' अक्षरे, उच्चार आणि अर्थ एका दमात बांधणारी ही पद्धत लहान शब्दांसाठी उत्तम आहे आणि तिला सरसकट घोकंपट्टी म्हणून हिणवणे योग्य नाही. तिची मर्यादा लांब शब्दांत दिसते. दहा-अकरा अक्षरांच्या शब्दात चुकण्यासारखी जागा एखाद-दुसरीच असते, पण सुरात म्हणताना सगळ्या अक्षरांवर सारखाच जोर पडतो. मुले आपापसांत वापरतात ती दुसरी युक्ती यापेक्षा नेमकी आहे. 'वेन्सडे' लिहिताना मनात 'वेड-नेस-डे' म्हणायचे, 'नॉलेज' लिहिताना 'क्नो-लेड-गे' म्हणायचे. पुष्कळ शिक्षक हा पोरकटपणा समजून मुलांना दटावतात. वास्तविक मुक्या अक्षराला तात्पुरता आवाज देण्याचा हा उपाय शास्त्रशुद्ध आहे, कारण जे ऐकू येते ते हाताला लिहिता येते. शिवाय 'नॉलेज', 'नी', 'नाइफ' यांच्या आरंभीचा 'के' जुन्या इंग्रजीत खरोखरच उच्चारला जात होता.

मुलांच्या नजरेसमोर रोमन अक्षरे सर्वांत आधी पाठ्यपुस्तकातून येतात असेही नाही. ठाणे-वाशी मार्गावरील लोकलने जाणारे मूल ऐरोली, रबाळे, घणसोली, तुर्भे ही नावे फलकांवर देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत शेजारीशेजारी वाचते. या नावांचे रोमन लेखन मराठी शिस्तीचे आहे : 'टी-एच' म्हणजे 'ठ', 'जी-एच' म्हणजे 'घ', 'ए-आय' म्हणजे 'ऐ', आणि 'ठाणे', 'तुर्भे', 'रबाळे' यांच्या शेवटचा 'ई' स्पष्ट 'ए' असा वाचायचा. इंग्रजी शब्दांत यांतले काहीच टिकत नाही. 'जी-एच' ही जोडी 'घोस्ट'मध्ये 'ग' होते, 'लाफ'मध्ये 'फ' होते आणि 'नाइट'मध्ये गप्प राहते; 'ए-आय' हे 'रेन'मध्ये 'ए' होते; शब्दाच्या शेवटचा 'ई' बहुधा मुका असतो. फलकांवरून मनात बसलेली ही शिस्त इंग्रजी शब्दांना लावली की चूक घडते. मोबाईलवर रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याची सवय याच चुकीला खतपाणी घालते. मुलांना एवढे एकदा उलगडून सांगावे की अक्षरे तीच असली तरी या दोन स्वतंत्र लेखनपद्धती आहेत. दुर्दैवाने हे वर्गात क्वचितच सांगितले जाते.

इंग्रजी लेखन उच्चारापासून इतके दूर का गेले, याला इतिहास आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला आणि शब्दांची रूपे हळूहळू छापील होऊन स्थिरावू लागली. मात्र नेमक्या त्याच काळात, सुमारे १४०० ते १७०० या दरम्यान, इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर बदलत होते. उच्चार पुढे गेले आणि अक्षरे मागे राहिली. भरीस भर म्हणून लॅटिनच्या अभिमानी विद्वानांनी काही शब्दांत कधीही न उच्चारलेली अक्षरे घातली. फ्रेंचमधून आलेल्या 'डेट' म्हणजे कर्ज या शब्दात लॅटिन 'डेबिटम'ची आठवण म्हणून 'बी' आला. 'आयलंड'मधला 'एस' तर निव्वळ गैरसमजातून आला. हा शब्द मूळचा इंग्रजी असूनही त्याचे नाते लॅटिन 'इन्सुला'शी जोडले गेले. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशाने ब्रिटिश स्पेलिंगला मोठे स्थैर्य दिले, तर नोआ वेबस्टरच्या १८२८ च्या कोशाने अमेरिकी वळण पक्के केले.

मराठी लेखन उच्चारानुसारी आहे आणि इंग्रजी नाही, असे सांगून विषय संपवण्याची प्रथा आहे. ती अर्धीच खरी आहे. आपण 'द्न्यान' म्हणतो आणि 'ज्ञान' लिहितो. 'भाषा' आणि 'आशा' यांतील 'ष' व 'श' आज बहुतेकांच्या तोंडी सारखेच आहेत. 'चाक' आणि 'चंद्र' यांतील 'च' वेगळे असूनही अक्षर एकच आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळाला धरून लिहायचे, हे तत्त्व मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असते. इंग्रजीतही हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर चालते, हे त्याला कोणी दाखवून देत नाही. 'साइन'मधला 'जी' मुका आहे, पण 'सिग्नेचर'मध्ये तो बोलतो. 'मसल'मधला 'सी' 'मस्क्युलर'मध्ये ऐकू येतो. 'डेफिनिट'च्या शेवटच्या भागात 'ए' की 'आय' असा प्रश्न पडला, तर 'फायनाइट' आठवावे; तिथला 'आय' स्पष्ट आहे. शब्दाचे कुटुंब ओळखणे हा अवघड स्पेलिंगवरचा सर्वांत भरवशाचा उपाय होय. अमेरिकेत १९२५ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत स्पर्धकाला शब्दाची मूळ भाषा विचारण्याची मुभा असते, ती याच कारणाने.

मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. नवी मुंबईतील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर 'सोसायटी', 'कमिटी', 'मेंटेनन्स' आणि 'रिसीट' हे चार शब्द हमखास भेटतात, आणि चारही जण वेगवेगळ्या तऱ्हेने फसवतात. 'कमिटी' देवनागरीत तीन अक्षरांत मावते, पण इंग्रजीत तिचे 'एम', 'टी' आणि 'ई' तिन्ही दुहेरी आहेत : सी-ओ-एम-एम-आय-टी-टी-ई-ई. 'मेंटेनन्स' हा शब्द 'मेंटेन'वरून आला, म्हणून लिहिणारा मधला 'ए-आय' कायम ठेवतो, जेव्हा की बरोबर रूपात त्या जागी नुसता 'ई' आहे : एम-ए-आय-एन, टी-ई-एन, ए-एन-सी-ई. 'रिसीट'मध्ये लॅटिनच्या आठवणीचा 'पी' आहे, आणि गंमत अशी की त्याच मुळापासून आलेल्या 'डिसीट'मध्ये तो नाही. 'आय'नंतर 'ई', मात्र 'सी'च्या पुढे उलट, हा शाळेत पाठ केलेला नियम 'रिसीट'ला लागू पडतो. 'सोसायटी'त 'सी'च्या पुढेही 'आय-ई' असाच क्रम आहे, कारण तिथे दोन्ही स्वर सुटे उच्चारले जातात. 'सायन्स'चेही तसेच. 'सीझ' आणि 'विअर्ड' हे शब्द तर या नियमाला सरळ धाब्यावर बसवतात.

देवनागरीतला 'अ' हाही असाच अक्षरे झाकणारा आहे. 'डॉक्टर', 'टीचर', 'कॅलेंडर' यांचे शेवट मराठीत एकसारखे दिसतात, पण इंग्रजीत पहिल्याला 'ओ-आर', दुसऱ्याला 'ई-आर' आणि तिसऱ्याला 'ए-आर' लागतो. 'अटेंडन्स'ला 'ए' आणि 'डिफरन्स'ला 'ई' हा फरकही कानाला कळत नाही. उलट काही शब्दांत मराठी उच्चार मदतीला येतो. आपण 'प्लंबर'मधला 'ब' ठणठणीत म्हणतो, जो इंग्रज म्हणत नाही. 'फेब्रुवारी'तला पहिला 'र' आपल्या तोंडी शाबूत आहे, जो अनेक इंग्रजी भाषक गाळतात. हे दोन शब्द मराठी मुलांना सोपे गेले पाहिजेत आणि सहसा जातातही.

दुहेरी व्यंजनांचा नियम मराठी भाषकाला जड जातो, कारण तो आघातावर, म्हणजे उच्चारताना पडणाऱ्या जोरावर, अवलंबून आहे आणि मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. शब्दाच्या शेवटच्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या शेवटच्या तुकड्यावर, आघात असेल आणि त्यात एक स्वर व एकच अंत्य व्यंजन असेल, तर स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागताना ते व्यंजन दुहेरी होते : 'बिगिनिंग'मध्ये 'एन' दोनदा, 'ओपनिंग'मध्ये एकदा, 'अकर्ड' (घडले) यामध्ये 'आर' दोनदा, 'ऑफर्ड'मध्ये एकदा. हा नियम लिहून देण्यापेक्षा हे शब्द मोठ्याने, योग्य ठिकाणी जोर देऊन वाचून दाखवणे अधिक उपयोगी पडते.

सेमी-इंग्रजी वर्गांत गणित व विज्ञान इंग्रजीतून असल्याने 'पॅरलल', 'आयसॉसेलीस', 'हायपोटेन्यूज', 'व्हॅक्यूम' यांसारखे शब्द मुलांना रोज लिहावे लागतात. मराठी शाळेतली समांतर रेषा, समद्विभुज त्रिकोण आणि कर्ण अर्थासह येत. इंग्रजी संज्ञा नुसत्या आवाजासह येतात. 'पॅरलल'मध्ये दोन 'एल' शेजारीशेजारी समांतर उभे आहेत, ही खूण गणिताच्या शिक्षकाने फळ्यावर एकदा दाखवली की विसरत नाही.

चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणण्याची शिक्षा अजून चालू आहे. वही उघडून पाहिली, तर दिसते की तिसऱ्या ओळीपासून मूल वरच्या ओळीवरून उतरवत असते, आणि वरच्या ओळीत चूक असेल तर ती खालपर्यंत उतरते. यापेक्षा शब्द पाहणे, चुकणाऱ्या अक्षराखाली रेघ ओढणे, शब्द झाकून आठवणीने लिहिणे आणि मग ताडून पाहणे हा क्रम फलदायी ठरतो. 'सेपरेट' घ्या. मुले 'पी'नंतर 'ई' लिहितात, बाकी सारे बरोबर असते. तेव्हा अभ्यास त्या एका 'ए'चा करायचा, सगळ्या शब्दाचा नव्हे. दोन-तीन दिवसांनी तोच शब्द श्रुतलेखनात, म्हणजे मुलांच्या भाषेत डिक्टेशनमध्ये, पुन्हा घेतला पाहिजे. लगेच घेतलेल्या परीक्षेत ताजी आठवण उत्तर देते आणि शब्द पक्का झाला की नाही ते कळत नाही.

शालेय पाठ्यपुस्तके ब्रिटिश वळणाची आहेत, तर फोन व संगणक पुष्कळदा अमेरिकी रूप सुचवतात. 'कलर' आणि 'सेंटर' यांच्याखाली उमटलेली लाल रेघ म्हणूनच नेहमी चूक दाखवतेच असे नाही. ब्रिटिश पद्धतीत 'लायसन्स' हे नाम असेल तर शेवटी 'सी', क्रियापद असेल तर 'एस', आणि 'प्रॅक्टिस'ला हाच भेद लागू होतो.

प्रौढांमध्ये हा अभ्यास मुख्यतः स्पर्धा परीक्षांसाठी होतो. ठाणे महानगरपालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आणि दोन्ही शहरांतील अभ्यासिका यांत अशा परीक्षांची तयारी करणारे तरुण मोठ्या संख्येने दिसतात. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत चुकीचे स्पेलिंग ओळखण्याचे प्रश्न येतात. त्यांचा सराव करताना एक धोका संभवतो : चार पर्यायांतली चुकीची रूपे वारंवार पाहून तीच डोळ्याला ओळखीची होतात आणि आधी बरोबर येणारा शब्दही डळमळू लागतो. म्हणून प्रश्न सोडवून झाल्याबरोबर त्यातील प्रत्येक शब्दाचे बरोबर रूप हाताने लिहावे आणि उजळणीच्या वहीत चुकीची रूपे मुळीच उतरवू नयेत.