धारणाधिकाराचा पट्टा: ग्वाल्हेरकरांनो, अर्जाआधी हे वाचा

शहरातल्या सरकारी जमिनीवर वर्षानुवर्षं घर करून राहिलेल्यांना धारणाधिकाराखाली, म्हणजे जागा धारण करण्याच्या हक्काखाली, तीस वर्षांचा स्थायी पट्टा (भाडेपट्टा) मिळू शकतो. आधार मध्य प्रदेशच्या महसूल खात्याच्या २४ सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकाचा. अर्ज आरसीएमएस या महसूल प्रकरणांच्या सरकारी पोर्टलवर भरायचा, मग हरकतींची जाहीर सूचना निघते आणि पटवारी (तलाठी) जागा पाहून जातो. इथवर सहसा कोणाचं अडत नाही.

पहिला घोळ तारखेचा. परिपत्रकातली ३१ डिसेंबर २०१४ ही पुष्कळांना अर्जाची मुदत वाटली, आणि ती केव्हाच उलटली म्हणून ते घरी बसले. अहो, ती ताब्याची तारीख! त्या दिवशी किंवा त्याआधीपासून जागा तुमच्याकडे होती का, एवढंच ती विचारते. निवडणुकीचं वारं सुटलं की अशा तारखा पुढे सरकतात. अर्जुनसिंह सरकारच्या १९८४ च्या पट्टा कायद्यातलीही सरकत गेलीच. तेव्हा अर्जाच्या दिवशी लागू असलेली तारीख पाहा आणि पुरावा तिच्याआधीचाच लावा.

बहुतेक जण आधार कार्ड जोडून मोकळे होतात. ‘तुम्ही कोण’ हे त्यावरून कळतं, तुम्ही त्या जागेवर कधीपासून आहात हे नाही. जुनं वीजबिल, नळाचं बिल, नगर निगमची संपत्तिकराची पावती, मतदार यादीतलं नाव-पत्ता, सरकारी कार्यालयाचं त्या भूखंडाबद्दलचं पत्र, असं काही हवं. परिपत्रकातल्या पुराव्यांच्या यादीत २०११ च्या जनगणनेतला पत्ताही आहे. आता जनगणनेच्या कायद्यानेच घरोघरची माहिती गोपनीय, ती पाहायला मिळत नाही. मग हा कागद सामान्य माणसाने आणायचा कुठून, हे यादी करणाऱ्यांनाच ठाऊक. त्याच्या नादी लागू नका, कराच्या पावत्या शोधा. पावती आजोबांच्या नावाची असेल तर त्यांचा मृत्यूचा दाखला आणि वंशावळ सोबत ठेवा.

काही जागांना पट्टा मिळतच नाही: नदी-नाल्याची जमीन, रस्ता, उद्यान, मैदान, आणि आपल्याकडे विशेष म्हणजे माफी औकाफची, म्हणजे देवस्थानांची जमीन. स्वर्णरेखा नदीकाठच्या आणि देवळालगतच्या घरांनी आधी खसरा (जमिनीचा महसुली उतारा) काढून जमीन कोणाच्या नावे आहे ते बघावं. पोर्टल कोणाचाही अर्ज घेतं. नकार मागाहून येतो, तोवर एजंटाचे पैसे गेलेले असतात.

मंजुरीनंतर प्रीमियम आणि भू-भाटक (जमिनीचं भाडं) भरायचं, आणि पट्ट्याची नोंदणी करायची. नोंदणी टाळू नका.

लष्कर भागातल्या जुन्या घरांसाठी एक वेगळी सूचना. शिंदेशाहीतली मोडीतली सनद पेटीत असेल, तर ती या अर्जाला ताब्याचा पुरावा म्हणून जोडायची घाई करू नका. हा अर्ज करणं म्हणजे जमीन सरकारची आहे हे स्वतःच लिहून देणं. आधी संवत् १९९७ च्या (साधारण इ.स. १९४० च्या) मिसल बंदोबस्ताची, म्हणजे जुन्या जमीन-मोजणीच्या मूळ नोंदीची, नक्कल काढा. तिथे तुमच्या पूर्वजांचं नाव निघालं, तर पोर्टल बंद करा आणि महसुली कामं करणारा वकील गाठा.