जुन्या हेडफोनचा भाव: लावलेला आणि मिळालेला

रोज निदान एक तरी मेसेज असा येतो: हेडफोनचे दोन फोटो, खाली भलत्याच कुणाच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि एक ओळ, "हा एवढ्याला चाललाय, तुम्ही किती देता?" मग चार दिवस घासाघीस होते, कुणीतरी नाराज होतं आणि जोडी असते तिथेच राहते. आम्ही जुने हेडफोन घेतो आणि विकतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो आहोत. विकणाऱ्यांसाठी लिहिलंय, पण घेणाऱ्यांनीही वाचावं.

स्क्रीनशॉटमधला हेडफोन "चाललाय" असं म्हणता येत नाही. तो तेवढ्याला लावलाय, एवढंच आपल्याला कळतं. जरा विचार करा, जाहिरातींच्या यादीत आज काय दिसतं? जे अजून विकलं गेलेलं नाही ते. वाजवी भावाची जोडी दोन-तीन दिवसांत उचलली जाते आणि यादीतून नाहीशी होते. चढ्या भावाच्या जोड्या मात्र महिनोन्‌महिने तिथेच मुक्कामाला असतात, आणि तुमचा स्क्रीनशॉट नेमका त्यांचाच असतो. मागे एका ग्राहकाने पाठवलेला फोटो ओळखीचा वाटला. डाव्या कपावर चंद्रकोरीसारखा ओरखडा होता. जुने मेसेज चाळले तर तीच जाहिरात दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एकाने आम्हाला पाठवलेली निघाली, तीही "बाजारभाव" म्हणूनच. त्या जोडीने दोन माणसांना भाव शिकवला, स्वतः मात्र विकली गेली नाही.

खरा भाव काढायचा तर तुमच्या मॉडेलच्या पाच-सहा जाहिरातींवर तीन आठवडे नजर ठेवा. कुठली लवकर गेली, कुणी भाव उतरवला, शेवटचा आकडा काय होता, हे टिपून ठेवा. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा सोडून द्या (खालच्यात बहुधा काहीतरी गोम असते). उरलेल्यांतून जो पट्टा दिसेल तो तुमचा भाव. वेळ लागतो, हे खरं आहे. आमच्याकडे हीच नोंद वर्षानुवर्षांची आहे, म्हणून आम्ही लगेच आकडा सांगतो. लगेच सांगतो म्हणजे हवेतला सांगतो, असा मात्र काहींचा समज होतो.

दुसरा नेहमीचा मुद्दा, "मी एवढ्याला घेतला होता." बिल जपून ठेवलंत, उत्तम. त्याने जोडी अस्सल असल्याची खात्री पटायला मदत होते, कारण लोकप्रिय मॉडेलच्या नकला बाजारात आहेत. पण त्यावरचा आकडा भाव ठरवत नाही. सेनहायझरच्या एचडी ६५० चं उदाहरण घ्या. हा हेडफोन २००३ चा. २०१६ मध्ये मासड्रॉप या ऑनलाइन दुकानाने सेनहायझरबरोबर त्यावरच बेतलेला एचडी ६एक्सएक्स कितीतरी कमी किमतीत आणला. जवळपास तोच आवाज कोरा करकरीत स्वस्तात मिळत असताना जुन्या ६५० साठी त्याहून जास्त कोण मोजणार? ज्यांनी ६५० पूर्ण किमतीला घेतला होता त्यांची काहीच चूक नव्हती, पण पुढच्या गिऱ्हाइकाला त्याचं काय? एचडी ८०० चंही तसंच. २००९ च्या या मॉडेलची सुधारित आवृत्ती ८०० एस आली, तेव्हापासून जुना ८०० घेणारा आधी एसचा भाव विचारतो.

आमचा ठोकताळा असा. नवी जोडी आज १०० ला मिळते असं धरू. आज म्हणजे खरोखरच आज, आणि मिळते म्हणजे सवलत वजा जाता हातात पडते त्या भावाला. सेलमध्ये ती वरचेवर ८५ ला मिळत असेल तर हिशोब ८५ पासून सुरू होतो. नवीन घेणाऱ्याला वॉरंटी मिळते, नाही आवडली तर परत करता येते आणि कानाच्या पॅडला आधी कुणाचा घाम लागलेला नसतो. हे सगळं सोडायला तो सूट मागणारच. नीट राखलेली, अजून उत्पादनात असलेली जोडी आमच्याकडे ८५ च्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे ५५ ते ६० ला जाते. पॅड दबून बसलेले असतील तर नव्या अस्सल पॅडचा खर्च त्यातून वजा. इतकं साधं आहे.

संग्राहकांच्या वस्तूंना हा हिशोब लागू नाही. सोनीचा १९८९ चा एमडीआर-आर१० किंवा सेनहायझरचा १९९१ चा ऑर्फियस, ज्याचे जेमतेम ३०० संच बनले, अशांची गोष्ट वेगळी. असं काही हाती असेल तर मेसेज करत बसू नका, सरळ या.

अवस्थेबद्दल थोडं. "जपून वापरलाय" आणि "फक्त १०० तास चाललाय" या दोन वाक्यांना आम्ही शून्य किंमत देतो, राग नसावा. तास मोजणारं मीटर हेडफोनला नसतं. आम्ही पॅड बघतो, कारण ते दबले की ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला भाग, कानाजवळ येतो आणि आवाजच बदलतो. हेडबँडचा ताण बघतो, सांध्यांना चिरा आहेत का ते बघतो, आणि सिगारेटचा वास, जो निघता निघत नाही. मग केबल. महागडी केबल वेगळी घेतली असेल तर ती काढून वेगळी विका. हौसेला मोल नाही हे खरं, पण ती हौस तुमची होती. जोडीसोबत आम्हाला मूळ केबल लागते. मूळ पॅडचंही तेच. दुसऱ्या जाडीचे पॅड लावले की तो निराळाच हेडफोन होतो.

तपासणी घरीही करता येते. एकच आवाज दोन्हीकडे सारखा असलेलं मोनो गाणं लावा. गाणाऱ्याचा आवाज बरोबर मधोमध यायला हवा. एका बाजूला ओढत असेल तर हेडफोन उलटा घाला. ओढ दुसऱ्या कानाकडे गेली तर दोष हेडफोनमध्ये, नाही तर अॅम्पमध्ये (आवाज वाढवणाऱ्या यंत्रात) किंवा तुमच्या कानात. गाणं चालू असताना केबल दोन्ही टोकांना हलवून खरखर होते का ते ऐका. शेवटी हळू आवाजात २० हर्ट्‌झपासून वर चढत जाणारा सलग सूर (स्वीप) लावा आणि खालच्या स्वरांत काही भिरभिरतंय का ते बघा.

अशीच एक जोडी आमच्याकडे "ड्रायव्हर गेलाय" म्हणून मोडीच्या भावात आली होती. डावीकडे ४०-५० हर्ट्‌झला कागद फडफडल्यासारखा आवाज. पॅड काढला, आतला पातळ फोम उचलला, तर पडद्यावर एक आखूड केस पडलेला. चिमट्याने अलगद काढला आणि फडफड थांबली. आम्ही ग्राहकाला ते दाखवलं आणि चालू जोडीचा भाव दिला. गप्प बसलो असतो तर त्या दिवशी नफा चांगला झाला असता.

मॉडेलचं नाव पूर्ण सांगा, ही विनंती आहे. बायरडायनॅमिकचा डीटी ८८० हा ३२, २५० आणि ६०० ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) अशा तीन प्रकारांत येतो, आणि ६०० वाल्याला जोमदार अॅम्प लागत असल्याने त्याचं गिऱ्हाईक वेगळं असतं. स्टॅक्स कंपनीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक जोड्यांना, म्हणजे पडद्यावर कायम विजेचा दाब (बायस) लागणाऱ्या जोड्यांना, जुन्या २३० व्होल्ट बायसच्या प्लगला सहा पिना असतात, ५८० व्होल्टच्या प्रोला पाच. त्या पिनांचा एक स्पष्ट फोटो पुरतो. या जोड्या साध्या अॅम्पवर चालत नाहीत, तेव्हा सोबत त्यांचा अॅम्प आहे की नाही यावर भाव बराच हलतो.

आता आमच्या आकड्याबद्दल, ज्यावरून सगळ्यात जास्त वाजतं. ५५ ते ६० ला विकली जाणारी जोडी आम्ही ४० ते ४५ ला घेतो. स्वतः विकलीत तर तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त मिळतील, हे लपवण्यात अर्थ नाही. मधल्या फरकात तपासणी येते, सफाई येते, न खपलेल्या जोड्यांत अडकलेला पैसा येतो, आणि घेणाऱ्याला आम्ही देतो ती सात दिवसांत परत करायची मुभाही येते. अनोळखी माणसाने जोडी नेऊन आठवड्याने "डावीकडून आवाज येत नाही" असा फोन केला तर त्याला तोंड द्यायचं कामही त्यातच धरा. घाई नसेल आणि हे सोसायची तयारी असेल तर खुशाल स्वतः विका. भाव काय लावावा हे विचारायला आलात तरी सांगू, त्याचे पैसे घेत नाही. तिसरा मार्ग म्हणजे जोडी आमच्याकडे ठेवा, विकली गेल्यावर आमचं कमिशन कापून उरलेले तुमचे. बरेच जण शेवटी हाच घेतात.

भाव विचारताना एवढं पाठवा: पूर्ण मॉडेल आणि ओहम, सीरियल नंबरचा फोटो, दोन्ही पॅडचे आतून-बाहेरून फोटो, हेडबँडची खालची बाजू, प्लगचं टोक, आणि खोक्यात काय काय आहे त्याचा एक फोटो. दुरुस्ती झाली असेल तर तीही लिहा. उघडल्यावर झाळकाम दिसतंच, आणि मग आधी सांगितलेला आकडा बदलावा लागतो. आम्ही दिलेला आकडा १५ दिवस कायम राहतो. मध्येच नव्या जोडीवर सेल लागला तरी तो आम्ही उतरवत नाही. मूळ पॅड काढून ठेवले असतील तर कितीही बसलेले असोत, तेही घेऊन या.