डार्क शॅडोज कादंबऱ्यांचा संग्रह

डार्क शॅडोज कादंबऱ्यांचा संग्रह : डार्क शॅडोज या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेवरून ‘मॅरिलिन रॉस’ या टोपणनावाने निघालेल्या, पिशाच्चे, शाप आणि चेटूक यांनी भरलेल्या अमेरिकन पेपरबॅक कादंबऱ्या जमवण्याचा छंद. न्यूयॉर्कच्या पेपरबॅक लायब्ररी या प्रकाशनसंस्थेने डिसेंबर १९६६ ते मार्च १९७२ या काळात या मालेत ३२ पुस्तके काढली. हाऊस ऑफ डार्क शॅडोज (१९७०) या चित्रपटाचे कादंबरीरूपही याच टोपणनावाने निघाले. ते जमेस धरायचे की नाही यावर संच ३२चा की ३३चा हे ठरते. कथानकाचे सूत्र पाहता ते वेगळेच ठेवलेले बरे, पण बहुतेक संग्राहकांना त्याच्याविना फळी अपुरी वाटते.

टोपणनावामागचा लेखक म्हणजे विल्यम एडवर्ड डॅनियल रॉस (१९१२–९५). कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील सेंट जॉन हे त्याचे गाव. उमेदीची बरीच वर्षे त्याने रंगभूमीवर काढली आणि कादंबरीलेखनाकडे तो उशिरा वळला. तरीही त्याच्या नावावर ३००हून अधिक कादंबऱ्या जमा आहेत. मॅरिलिन हे त्याच्या पत्नीचे नाव. जुना वाडा, त्यात येऊन पडलेली एकाकी तरुणी आणि घराण्याचे दडवलेले पाप अशा गॉथिक प्रेमकथांचा वाचकवर्ग तेव्हा मुख्यतः स्त्रियांचा होता. त्यामुळे मुखपृष्ठावर बाईचेच नाव हवे, असा प्रकाशकांचा आग्रह असे. याच जातीच्या इतर कादंबऱ्या त्याने ‘क्लॅरिसा रॉस’ या नावाने लिहिल्या, तर काउबॉयकथांसाठी ‘टेक्स स्टील’ हे नाव घेतले. परिचारिकांच्या प्रेमकथाही त्याने पुष्कळ लिहिल्या. म्हणून डार्क शॅडोजचा संच पुरा झाला, तरी रॉसचा संग्रह पुरा होत नाही. अनेकांचा शोध पुढे क्लॅरिसाकडे वळतो.

डार्क शॅडोज ही मूळ मालिका डॅन कर्टिसने निर्माण केली. ती एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात दुपारच्या वेळी चाले. मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट हे काल्पनिक बंदर आणि तेथील कॉलिन्वुड हा वाडा ही तिची भूमी. आरंभी ती व्हिक्टोरिया विंटर्स या अनाथ तरुणीची गूढकथा होती. प्रेक्षक रोडावल्यावर एप्रिल १९६७मध्ये बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू पिशाच्च कथेत आला. जोनाथन फ्रिड याने साकारलेल्या या पात्राने मालिकेचे नशीबच पालटले.

पुस्तकांच्या संग्रहातील सगळी गुंतागुंत या बदलातून आली आहे. पहिल्या पाच कादंबऱ्यांत बार्नबस नाहीच. त्यांच्या मूळ छपाईवर चित्रकाराने रंगवलेली गॉथिक मुखपृष्ठे आहेत. नोव्हेंबर १९६८च्या सहाव्या पुस्तकाला थेट बार्नबस कॉलिन्स हे नाव मिळाले आणि मुखपृष्ठावर अंडाकृती चौकटीत नटाचे छायाचित्र आले. पुढे हाच मालेचा चेहरा झाला. पहिली पाच पुस्तकेही मग छायाचित्रांची नवी मुखपृष्ठे घालून पुन्हा छापली गेली. त्यामुळे एकाच कादंबरीची दोन रूपे बाजारात फिरतात. मालिकेचे चाहते छायाचित्रांचा एकसारखा संच लावू पाहतात, तर जुन्या गॉथिक पेपरबॅकचे संग्राहक रंगवलेल्या प्रतींच्या मागे असतात. या पाच रंगवलेल्या प्रतींना चाहत्यांकडून मिळते त्याहून जास्त मान मिळायला हवा. पिशाच्चाच्या लोकप्रियतेखाली झाकला जाण्यापूर्वी रॉस कोणत्या परंपरेत लिहीत होता, ते त्यांच्यावरच दिसते.

चेटकाची आवड असलेल्यांना बार्नबस कॉलिन्स व्हर्सेस द वॉरलॉक (१९६९), तसेच १९७०मधील बार्नबस कॉलिन्स अँड द जिप्सी विच आणि बार्नबस, क्वेंटिन अँड द विचेस कर्स ही पुस्तके आधी हवी असतात. पडद्यावरील घटनाक्रम मात्र त्यांत शोधू नये. मालिकेत बार्नबस १९६७मध्ये साखळदंडांनी बांधलेल्या शवपेटीतून सुटतो. रॉसचा बार्नबस एकोणिसाव्या शतकातही मोकळा हिंडतो, आणि तो अधिक हळवा, जवळजवळ प्रेमकथेचा नायक आहे. एका पुस्तकाचा दुसऱ्याशी मेळ बसतोच असे नाही. ज्याला हे खटकत नाही, त्याला ही पुस्तके वाचताना खरा आनंद मिळतो. धुके, समुद्र आणि बंद दालने रॉस मोजक्या वाक्यांत उभी करतो, आणि रंगभूमीवर घालवलेली वर्षे त्याच्या संवादांत जाणवतात.

माला लोकप्रिय असल्याने मधले क्रमांक सहज मिळतात. दमवतात ते शेवटचे. मालिका बंद झाल्यावरही पुस्तके काही महिने निघत राहिली, पण मागणी ओसरली होती. म्हणून बार्नबस, क्वेंटिन अँड द व्हॅम्पायर ब्यूटी या ३२व्या पुस्तकाची चांगली प्रत आरंभीच्या क्रमांकांपेक्षा महाग पडते.

प्रत घेताना मुखपृष्ठावर भुलू नये. हक्कपृष्ठावरील छपाईचा महिना आणि ती कितवी छपाई आहे, हे आधी पाहावे. मग कणा पाहावा. वाचताना पुस्तक पालथे मुडपले असेल तर कण्यावर पांढऱ्या रेघा उमटतात आणि पुस्तक एका अंगाला कलते. मुखपृष्ठच नसलेली प्रत स्वस्त असली तरी टाळावी. न खपलेल्या पुस्तकांची मुखपृष्ठे फाडून प्रकाशकाकडे परत पाठवायची आणि उरलेले पुस्तक नष्ट करायचे, अशी त्या व्यवसायाची रीत होती. तशी प्रत बहुधा त्यातूनच निसटलेली असते.

ही पुस्तके टिकण्यासाठी छापलीच नव्हती. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदातील लिग्निन हा लाकडातला घटक आणि आम्ल यांमुळे पाने तपकिरी होऊन कडांना तुटू लागतात. शिवण नसलेल्या बांधणीतला गोंद वाळून तडकतो आणि पाने सुटतात. प्रत वाचताना ती पूर्ण सपाट उघडू नये. सुटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डाग कागदात मुरतो. पीव्हीसीऐवजी पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, उन्हापासून आणि दमट भिंतीपासून दूर, पुस्तके उभी ठेवावीत. ज्यांना मनसोक्त वाचायचे असते, ते त्यासाठी जीर्ण झालेली दुसरी प्रत वेगळी बाळगतात.