पोलादी पादचारी पुलाचे डिजिटल मॉडेल

पादचारी पुलाची प्रत्येक तुळई, पत्रा, बोल्ट आणि भोक आधी संगणकात खऱ्या मापाने त्रिमितीत उभे करायचे आणि त्याच मॉडेलवरून भारांचे गणित, कारखान्यातले कटिंग, वाहतूक आणि उभारणी करायची, अशी ही पद्धत आहे. बांधकाम क्षेत्रात ती ‘बिम’ (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) या नावाने ओळखली जाते. मॉडेलमधल्या प्रत्येक भागाला क्रमांक, पोलादाची प्रत, जाडी, वजन आणि रंगाचे थर ही माहिती जोडलेली असते. त्यामुळे एक तुळई सरकवली, की ड्रॉइंगमधली मापे, बोल्टांची यादी आणि वजनाचा तक्ता आपोआप बदलतो. महामेट्रोने नागपूर आणि पुणे मेट्रोच्या कामांत या मॉडेलला वेळापत्रक आणि खर्चही जोडला. त्याला ‘पंचमितीय बिम’ म्हणतात.

पोलादी पुलाला हे तंत्र विशेष उपयोगी पडते, याला कारण आहे. काँक्रीट जागेवर ओतले जाते. थोडे इकडेतिकडे झाले तरी सांभाळून घेता येते. पोलाद मात्र, पुण्याचे उदाहरण घ्यायचे तर, भोसरी-चाकणकडच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये कापले जाते आणि जोडले जाते मुठेच्या पात्रावर. २० मिमी व्यासाच्या बोल्टला २२ मिमीचे भोक असते. पन्नास मीटर लांबीचा गाळा (दोन आधारांमधला पुलाचा भाग) दोन बाजूंनी येऊन मधल्या सांध्यावर मिळतो, तेव्हा हाताशी मोकळीक असते ती या २ मिमीची. भोके जुळली नाहीत, की क्रेनचे भाडे चालू असते, खाली वाहतूक अडलेली असते आणि गॅस कटर लावून भोक मोठे करण्याचा मोह होतो. तसे केले तर सांध्याची ताकद जाते, आणि वरून वॉशर बसल्यावर ते कोणाला दिसतही नाही. मॉडेलचे खरे मोल इथे आहे: ही चूक पोलाद कापण्याआधी पडद्यावर सापडते आणि तिथे ती दुरुस्त करायला काही मिनिटे पुरतात.

सुरुवात मोजणीपासून होते. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे उपकरण), ड्रोन आणि लेझर स्कॅन यांतून काठ, झाडे, जुन्या भिंती आणि वायर्स यांचा बिंदुमेघ, म्हणजे मोजलेल्या असंख्य बिंदूंचे त्रिमितीय चित्र, तयार होतो आणि पूल त्यात बसवला जातो. मोजणी करणारा एका संदर्भबिंदूवरून आणि पायाचा ठेकेदार दुसऱ्याच बिंदूवरून काम करत असेल, तर कितीही सुंदर मॉडेल जमिनीवर चुकीच्या जागी उतरते. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांनी एकच निर्देशांक पद्धत ठरवावी लागते (यूटीएम या जागतिक नकाशा-निर्देशांक पद्धतीत पुणे ४३ उत्तर पट्ट्यात येते). नदीवरच्या पुलासाठी पूररेषाही मॉडेलमध्ये घ्याव्या लागतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुणेकर दर पावसाळ्यात पाहतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पाणी पेठांत कुठवर चढले होते, हे तर घराघरांत माहीत आहे.

रस्त्यावरच्या पुलाचा प्रश्न वेगळा. खाली ५.५ मीटर मोकळी उंची ठेवायची आणि चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा उतार द्यायचा, तर एका बाजूला किमान ६६ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. गर्डरची जाडी आणि मधले विसावे धरले तर आणखी जास्त. पुण्यातल्या बहुतेक पदपथांवर एवढी जागा नसते. कागदी आराखड्यात ‘रॅम्प’ असे लिहून पुढे जाता येते, मॉडेलमध्ये तो थेट कोणाच्या तरी दुकानात घुसलेला दिसतो. मग लिफ्टचा विचार वेळेत होतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढता येणार नाही असा पूल बांधू नये, आणि हे डिझाइनच्या टेबलावरच ठरायला हवे.

भारांचे गणित याच भूमितीवर चालते. त्यासाठी स्टॅड-प्रो किंवा मायडास यांसारखी सॉफ्टवेअर वापरतात. शहरी पादचारी पुलावर दर चौरस मीटरला ५०० किलोपर्यंत गर्दीचा भार धरतात, म्हणजे साधारण सहा-सात माणसे. ३ मीटर रुंद आणि ५० मीटर लांब पुलावर ही गर्दी ७५ टन होते. एरवी हा आकडा फार वाटेल. पण विसर्जनाच्या दिवशी अलका टॉकीज चौकात उभे राहिलेल्या कोणालाही तो फार वाटणार नाही.

नुसत्या ताकदीने मात्र भागत नाही. माणूस सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो. पुलाची नैसर्गिक कंपनसंख्या, म्हणजे तो स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा हलतो तो आकडा, पावलांच्या या गतीजवळ असेल, तर पूल पायांच्या ठेक्याला साथ देऊ लागतो. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये खुला झाला आणि आडवा डोलू लागल्याने दोनच दिवसांत बंद करावा लागला. डॅम्पर (हालचाल शोषून घेणारी साधने) बसवून तो २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. हलक्या, सडपातळ पोलादी पुलासाठी ही तपासणी तेव्हापासून कोणी टाळत नाही.

कारखान्यात मॉडेल थेट सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या, यंत्राशी बोलते. टेकला स्ट्रक्चर्ससारख्या सॉफ्टवेअरमधून कटिंग आणि ड्रिलिंगच्या फाइली निघतात. फिटरने टेप लावून आखणी करायची गरज उरत नाही. पूल स्वतःच्या वजनाने किती वाकेल ते काढून तेवढा बाक आधीच वर दिलेला असतो. त्याला कँबर म्हणतात आणि मॉडेलमध्ये तो प्रत्येक तुकड्याच्या लांबीत मुरलेला असतो. एक बारीक गोष्ट नवख्या मॉडेलरकडून हमखास सुटते. कठड्याचे किंवा ट्रसचे (त्रिकोणी जोडणीच्या सांगाड्याचे) पाइप दोन्ही टोकांना वेल्ड करून बंद केले आणि गॅल्वनायझिंगसाठी, म्हणजे गंज रोखणारा जस्ताचा थर चढवण्यासाठी, सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या जस्ताच्या कढईत सोडले, तर आत अडकलेल्या हवेने आणि वाफेने पाइप फुटू शकतो. तिथे उभ्या माणसाच्या जिवाशी गाठ असते. हवा जायला ठेवलेली लहान भोके म्हणूनच मॉडेलमध्ये दाखवावी लागतात; ‘वेल्डर बघून घेईल’ असे म्हणून सोडता येत नाहीत.

उभारणीचा क्रम वेळेशी जोडून आधी पाहता येतो: ट्रेलर कुठल्या गल्लीतून येईल, क्रेनचे पाय कुठे टेकतील, रस्ता किती दिवस बंद लागेल. डेक्कन मेट्रो स्थानकाला नारायण पेठेशी जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या कामासाठी २०२५ मध्ये भिडे पूल वाहतुकीला बंद ठेवावा लागला होता. अशा बंदचा एकेक दिवस शहराला जाणवतो. तापमानही हिशेबात धरावे लागते. ५० मीटर पोलाद १५ अंशांच्या फरकाने ९ मिमी लांबते, म्हणून एप्रिलच्या दुपारी घेतलेले माप आणि पहाटेचे माप एक नसते. शेवटचा सांधा सकाळी ऊन चढण्याआधी जुळवणे चांगले.

पूल खुला झाला की मॉडेल बहुधा कुठल्यातरी हार्ड डिस्कवर पडून राहते. हे या पद्धतीचे भारतातले सर्वांत दुबळे अंग आहे. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा सुमारे तीस वर्षांचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. चार जणांचा जीव गेला आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. नव्या पुलांचे मॉडेल प्रत्यक्ष बांधलेल्या मापांनी अद्ययावत करून देखभाल करणाऱ्या विभागाकडे सोपवता येते. मग तपासणीस आलेला अभियंता खालच्या तुळईवरचा क्रमांक मोबाइलवर टाकतो, पत्र्याची मूळ जाडी १० मिमी आणि मागच्या पावसाळ्यानंतरची ९.४ मिमी पाहतो, आणि गंज खरवडून जाडीमापक त्याच जागी टेकवतो.