पार्श्वभूमी : राष्ट्रीय कार्यक्रम आणि मराठी संध्याकाळ

दूरचित्रवाणीने माणसं जोडली की तोडली, हा वाद महाराष्ट्रात दर काही वर्षांनी नव्या निमित्ताने उभा राहतो. निमित्त कधी मालिकेतल्या बोलीचं असतं, कधी वृत्तवाहिन्यांवरच्या रात्रीच्या चर्चांचं, कधी जाहिरातींतल्या हिंदीछाप मराठीचं. चर्चा मात्र बहुतेक वेळा पडद्यावर काय दिसलं यापाशीच थांबते. ते कुठून आलं आणि किती वाजता आलं, याकडे फारसं कुणी वळत नाही. या वादाची मुळं खणत गेलं की वाट १५ ऑगस्ट १९८२ या तारखेपाशी येते. त्या दिवशी दूरदर्शनवर रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, हे अनेकांना आठवतं. त्याच दिवशी दिल्लीहून ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ही सुरू झाला आणि संस्कृतीच्या दृष्टीने तो बदल रंगांपेक्षा कितीतरी मोठा होता.

त्याआधीची दहा वर्षं थोडक्यात. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुणं त्याला जोडलं गेलं. वरळीतल्या या मुंबई केंद्राची संध्याकाळ तेव्हा त्याची स्वतःची होती. ‘आमची माती, आमची माणसं’, मराठी बातम्या, नाट्यप्रवेश, मुलाखती, गुजराती प्रेक्षकांसाठी ‘आवो मारी साथे’, हिंदी गाण्यांचं ‘छायागीत’, शनिवारी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी. मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या शहरात जशा एकमेकींच्या शेजारी राहतात, तशाच त्या एका वाहिनीवर नांदत होत्या. ज्याला शेतीत रस नाही त्यालाही शेतकऱ्याचा कार्यक्रम दिसायचा, कारण बदलायला दुसरी वाहिनीच नव्हती. ही सक्ती होती हे खरं, पण शेजारच्या घरात काय शिजतंय हे कळण्याची ती एक सोयही होती.

या आठवणींत एक गोष्ट नेहमी गाळली जाते. हे सगळं मुंबई, पुणे आणि आसपासच्या पट्ट्यापुरतं होतं. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशचा बहुतांश भाग या संध्याकाळच्या बाहेर होता. पडद्यावरची मराठी मुख्यतः पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरांतली होती. उपग्रहावरून खेड्यांना कार्यक्रम दाखवण्याच्या १९७५-७६च्या प्रयोगात देशातल्या सहा राज्यांमधल्या सुमारे २,४०० खेड्यांत सामूहिक संच पोहोचले, पण त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा ‘दूरदर्शनने मराठी समाज एका सूत्रात बांधला’ असं जे सांगितलं जातं, ते अर्ध्या महाराष्ट्राबद्दलही पुरतं खरं नाही.

आता १९८२. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई खेळ व्हायचे होते आणि ते देशभर दिसावेत अशी सरकारची इच्छा होती. पहिला इन्सॅट उपग्रह एप्रिलमध्ये सोडला गेला. तो सप्टेंबरमध्येच बंद पडला, पण उपग्रहाच्या भरवशावर आखलेली रचना तशीच पुढे नेली गेली. दिल्लीत तयार झालेला कार्यक्रम एकाच वेळी सगळ्या केंद्रांनी दाखवायचा, अशी ती रचना. रात्री साडेआठच्या पुढचा वेळ स्थानिक केंद्रांच्या हातून गेला आणि त्या जागी हिंदी बातम्या, इंग्रजी बातम्या आणि दिल्लीने निवडलेले कार्यक्रम आले. कोणत्याही विधिमंडळात यावर मतदान झालं नाही. प्रसारण केंद्र सरकारच्या खात्यातून चालत होतं, त्यामुळे राज्यांना विचारण्याची गरजच कुणाला वाटली नाही.

वेळापत्रकातल्या या बदलाचा अर्थ मुंबईच्या संदर्भात नीट समजून घ्यायला हवा. साडेआठच्या आत मराठी कार्यक्रम उरकायचे म्हणजे ते सहा ते साडेआठच्या फटीत बसवायचे. डोंबिवली, वसई किंवा पनवेलला राहणारा नोकरदार त्या वेळी लोकलमध्ये उभा असतो. तो घरी येऊन, हातपाय धुऊन ताटावर बसेपर्यंत दिल्ली सुरू झालेली असायची. मराठी कार्यक्रम संपले नाहीत, त्यांना कुणी बंदीही घातली नाही. फक्त घरातली सगळी माणसं एकत्र बसण्याची वेळ त्यांच्याकडून काढून घेतली गेली. माझ्या मते हा त्या निर्णयाचा सर्वांत खोल परिणाम आहे आणि त्याची नोंद सर्वांत कमी झाली आहे.

मुंबई-पुण्याबाहेर तर चित्र आणखी विचित्र होतं. १९८३मध्ये दुसरा इन्सॅट यशस्वी झाला आणि १९८४मध्ये सरकारने लहान शहरांत कमी शक्तीचे प्रक्षेपक उभारायचा सपाटा लावला. काही महिने तर जवळपास रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. हे १०० वॉटचे प्रक्षेपक स्वस्त होते, लवकर उभे राहत आणि गावाभोवतीच्या काही किलोमीटरपर्यंत पोहोचत. त्यांना स्टुडिओ नव्हता. उपग्रहावरून येईल ते पकडायचं आणि पुढे सोडायचं, एवढंच त्यांचं काम. उपग्रहावरून येत होती ती दिल्ली. त्यामुळे मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावी पहिल्यांदा टीव्ही आला तेव्हा त्यावर दिल्ली दिसली आणि वरळी दिसली नाही. मराठी माणसाच्या घरात दूरचित्रवाणीने पहिलं पाऊल हिंदीत टाकलं. ज्या राज्याची भाषावार स्थापना जेमतेम पंचवीस वर्षांपूर्वी झाली होती, त्याच्या निम्म्या भागाला आपल्याच राजधानीतलं केंद्र दिसत नव्हतं.

निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही मांडायला हवं, कारण ते पोकळ नव्हतं. इन्सॅट-१ मालिकेच्या उपग्रहांवर दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पाठवायला शक्तिशाली असे दोनच मार्ग होते. प्रत्येक राज्याला स्वतंत्र मार्ग देणं तेव्हा शक्य नव्हतं. शिवाय ग्रामीण भागांसाठी त्या त्या भाषेत दिवसाचा ठरावीक वेळ राखला गेला होता आणि अशा राज्यांच्या यादीत महाराष्ट्रही आला. दुसरा मुद्दा राष्ट्रीय एकतेचा. पंजाब आणि आसाम धुमसत होते. सगळ्या देशाने रोज एका वेळी एकच बातमी ऐकली तर मनं जवळ येतील, असं मानणारे लोक प्रामाणिक होते. पण मार्ग दोनच आहेत, हे दिल्लीचा कार्यक्रम सगळ्यांना पाठवण्याचं कारण असू शकतं. त्या कार्यक्रमात मुंबई, मद्रास, कलकत्ता आणि श्रीनगर यांनी बनवलेलं काय असावं, हे तंत्रज्ञान ठरवत नव्हतं. ते माणसांनी ठरवलं.

ही टीका पुढे सरकारने नेमलेल्या कार्यगटानेच केली. डिसेंबर १९८२मध्ये नेमलेल्या या गटाने देशभर फिरून अहवाल दिला आणि राष्ट्रीय म्हणून जे दाखवलं जातं ते दिल्लीच्या नजरेतून पाहिलेलं आहे, असा निष्कर्ष काढला. केंद्रांना स्वायत्तता द्यावी, कार्यक्रम खालून वर यावेत, असं त्यात सुचवलं होतं. सरकारने हा अहवाल बराच काळ दाबून ठेवला. तो प्रसिद्ध झाला तोवर, १९८५मध्ये, प्रायोजित हिंदी मालिकांचा पैसा सुरू झाला होता आणि राष्ट्रीय वेळ हा देशातला सर्वांत महाग जाहिरातीचा वेळ झाला होता. तो वेळ आता सहजी सोडून देण्यासारखा उरला नव्हता.

तोटा एकतर्फी होता असंही नाही. त्या हिंदी मालिकांत मराठी रंगभूमीवरची माणसं मोठ्या संख्येने गेली आणि दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात ज्यांना टाळ्या मिळत त्यांना लखनौ-पाटण्याच्या लोकांनी घरच्यासारखं ओळखलं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई केंद्राचं मराठी प्रक्षेपण उपग्रहामार्गे राज्यातल्या इतर प्रक्षेपकांपर्यंत पोहोचू लागलं. गडचिरोली आणि सिंधुदुर्ग एकच मराठी बातमीपत्र पाहू लागले, ते तेव्हा. महाराष्ट्र नावाचा एक प्रेक्षक खऱ्या अर्थाने तेव्हा जन्माला आला, पण रात्री साडेआठपर्यंतच.

‘रामायण’ मालिकेवर इतकं लिहिलं गेलं आहे की इथे दोनच गोष्टी नोंदवतो. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, आणि त्या तासाला देश एकत्र बसला होता यात शंका नाही. मात्र मराठी घरांत तोवर रामकथा एकनाथांच्या भावार्थरामायणातून, कीर्तनातून आणि १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीने वर्षभर दिलेल्या गीतरामायणातून आली होती. प्रत्येक भाषेचं आपलं असं रामायण होतं. पडद्याने त्या सगळ्यांवर एक चेहरा, एक पोशाख आणि एक संस्कृतप्रचुर हिंदी बसवली. दुसरी गोष्ट अशी की मालिका राज्याभिषेकापाशी थांबणार हे कळल्यावर उत्तरेतल्या अनेक शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप पुकारला आणि पुढची कथाही दाखवा अशी मागणी केली. ती मान्य झाली. ज्यांना राष्ट्रीय वेळेत कधी जागा नव्हती, त्यांनी ती झाडू खाली ठेवून मिळवली.

‘रामायण’ सुरू असतानाच, जानेवारी १९८८मध्ये, फाळणीच्या दंगलींवरची ‘तमस’ मालिका मुंबई उच्च न्यायालयात अडली. ती पाहून दोन समाजांत तेढ वाढेल, असा अर्जदाराचा दावा होता. प्रक्षेपणाला स्थगिती मिळाली. मग खंडपीठाने मालिका स्वतः पाहिली आणि ती दंगल भडकवणारी नसून दंगलीमागचे हात दाखवणारी आहे असं म्हणत स्थगिती उठवली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला. जोडणं आणि तोडणं यांवर या देशात झालेला सर्वांत गंभीर विचार मला आजही त्या निकालांत दिसतो. प्रेक्षक सुज्ञ आहे, हे त्यात गृहीत धरलं होतं.

पुढचा काळ वाचकांच्या ओळखीचा आहे. १९९१च्या आखाती युद्धानंतर गच्च्यांवर तबकड्या आल्या, केबलवाला आला, ऑक्टोबर १९९२मध्ये खासगी हिंदी वाहिनी आली. दूरदर्शनने १९९४मध्ये स्वतंत्र मराठी वाहिनी काढली. २०००मध्ये तिचं ‘सह्याद्री’ असं नामकरण झालं. १९९९ आणि २०००मध्ये दोन खासगी मराठी वाहिन्या सुरू झाल्या. त्यांतली एक हैदराबादच्या तेलुगू समूहाची होती, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत बातमीदार नेमून तिने ग्रामीण महाराष्ट्राला जो न्याय दिला तो वरळीने सत्तावीस वर्षांत दिला नव्हता, हे मराठी माणसाने मान्य करायला हवं. २००७-०८मध्ये मराठी वृत्तवाहिन्यांची रांग लागली. रात्री साडेआठनंतर मराठीत काही पाहायला मिळावं ही इच्छा पंचवीस वर्षांनी भरभरून पुरी झाली.

किंमतही मोजावी लागली. हिंदी घराने हिंदी पाहावं, गुजरातीने गुजराती, मराठीने मराठी, अशी सोय झाली आणि एकाच पडद्यावर एकमेकांचं ओझरतं दर्शन होण्याची जुनी सवय गेली. फेब्रुवारी २०१९पासून हव्या त्या वाहिन्यांचेच पैसे भरायची पद्धत आली, तेव्हा ही विभागणी बिलावरच छापली गेली. मुंबईतल्या भाषिक तणावाबद्दल बोलताना आपण राजकीय पक्षांकडे बोट दाखवतो. एकाच मजल्यावरची तीन घरं रोज संध्याकाळी तीन वेगळ्या देशांत राहतात, हेही त्याच हिशोबात धरलं पाहिजे.

उलट दिशेचा एक बदल मात्र मनापासून आनंद देणारा आहे. ऑक्टोबर २०१५पासून प्रेक्षकमोजणीत ग्रामीण घरांचा समावेश झाला. त्यानंतर वर्षभरातच मराठी मालिकांत नागपुरी बोलणारी नायिका, मालवणी बोलणारं घर आणि कोल्हापुरी पैलवान आला. कोकणातून त्या मालवणी मालिकेवर सुरुवातीला आक्षेपही घेतले गेले, भुताखेतांमुळे प्रदेशाची बदनामी होते म्हणून. तरी पुण्याच्या घरांत रोज अर्धा तास मालवणी ऐकली गेली, आणि हे दूरदर्शनच्या सुवर्णकाळात कधी घडलं नव्हतं. बोलींचा हा प्रवेश कुणाच्या सांस्कृतिक धोरणामुळे झाला नाही. मोजणीच्या यादीत खेडी आली आणि पडद्यावर त्यांची भाषा आली.

सध्याची स्थिती यापेक्षा गुंतागुंतीची आहे. मराठी वाहिन्यांवरच्या अनेक मालिका त्याच समूहाच्या दुसऱ्या भाषेतल्या वाहिनीवरून आलेल्या असतात. एका मध्यमवयीन गृहिणीची बंगालीत सुरू झालेली कथा डिसेंबर २०१९मध्ये मराठीत आली, पुढच्या वर्षी हिंदीत गेली आणि तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळममध्येही झाली. प्रत्येक भाषेत स्वयंपाकघर वेगळं, साडी वेगळी, सण वेगळे. ठाण्यातलं घर आणि कोलकात्यातलं घर रात्री एकच गोष्ट पाहत असतं आणि दोघांनाही ती आपल्याच घरची वाटते. दुसरा कुणी तीच पाहतोय, याचा त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नसतो.