'मारियुस' (१९३१): नाटकाचा बोलपट होताना

'मारियुस' हे मार्सेल पान्योल या फ्रेंच लेखकाचं नाटक. फ्रान्समधल्या मार्से शहराच्या बंदरावरचा बार, तिथले बाप-लेक, बाहेर शिंपले विकणारी फानी, अशी ही गोष्ट. नाटक मार्च १९२९ मध्ये पॅरिसला आलं आणि तुफान चाललं. लेखकाने १९३० मध्ये लंडनला एक अमेरिकन बोलपट पाहिला आणि परत येऊन लिहूनच टाकलं की नाटककाराच्या हाती नवीन साधन आलंय. तिथून जी वादावादी सुरू झाली ती काही वर्षं चालली.

भांडण "चित्रित नाटक" या शब्दावरून. मूकपटात नाव कमावलेले दिग्दर्शक तो शिवीसारखा वापरायचे, कुणी तर "डबाबंद नाटक" म्हणायचे, म्हणजे कॅमेरा मांडा, नटांना बोलू द्या, झाला सिनेमा. लेखकाचं म्हणणं, बोलपट म्हणजे नाटकाची छपाई, पुस्तकासारखं छापा आणि गावोगाव पोचवा. मला लेखकाचंच पटतं, कारण या नाटकाचा जीव बोलीत आहे. पत्त्यांच्या डावात बाप "काळीज चिरतोस रे माझं" म्हणत जोडीदाराला खूण करतो, फ्रेंचमध्ये काळजाला आणि पत्त्यातल्या बदामाला शब्द एकच. शिवाय तो दक्षिणेकडचा हेल. मालवणी नाटक प्रमाण मराठीत करून बघा, मग कळेल काय जातं ते.

आणि नेमकं तसंच झालं, हे नाटक परभाषांत गेलं. पैसा अमेरिकन कंपनीचा, पॅरिसजवळ तिचा स्टुडिओ, तिथे एकाच गोष्टीच्या वेगवेगळ्या भाषांतल्या आवृत्त्या निघायच्या (आपल्याकडेही सुरुवातीचे बोलपट मराठी-हिंदी दोन्हीत निघायचेच). 'मारियुस' जर्मन आणि स्वीडिशमध्येही निघाला, नट वेगळे. आज लोक बघतात ती फ्रेंचच, कारण लेखक अडून बसला आणि रंगमंचावरचे मुख्य नट त्याने सिनेमात ठेवायला लावले. दिग्दर्शक हंगेरियन होता, तरी हेल टिकला तो या नटांमुळे.

पुढे १९३२ मध्ये दुसरा भाग आला. तिसरा १९३६ चा, तो थेट पडद्यासाठी लिहिलेला आणि १९४६ मध्ये उलटा रंगमंचावर गेला, म्हणजे "चित्रित नाटक" म्हणणाऱ्यांना उत्तरच मिळालं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर या गोष्टीची संगीतिका झाली, १९६१ मध्ये हॉलिवूडने तिचा सिनेमा केला पण गाणी काढून, चाली नुसत्या मागे वाजतात. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये पहिले दोन भाग नव्याने निघाले, तिसरा नाही आला. जुन्या 'मारियुस'ची दुरुस्त केलेली प्रत २०१५ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवली, १९३१ चेच आवाज.